केव्हा-तेव्हा आणि व्हेन-देन

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. इंग्रजीच्या वहीत ती एकसारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द एकेका पानावर लिहून काढते. 'डब्ल्यू-एच'चे एक पान, 'टी-एच'चे एक, 'के-एन'चे एक, 'जी-एल'चे एक. असे लिहिले की पाठ लवकर होते, असे तिला शिकवणीत सांगितले आहे. परवा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आई, जी-एलचे शब्द सगळे चमकणारेच कसे गं? आणि के म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला?" मी दहावीपर्यंत शिकले, तेही इंग्रजीत काठावर पास. मला काही सांगता आले नाही. शब्दाच्या पहिल्या एक-दोन अक्षरांत खरेच अर्थ असतो का?
– एक वाचक भगिनी, पणदरे, ता. बारामती

उत्तर : ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न थोरामोठ्या पंडितांना पडलेला आहे आणि त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पहिली अक्षरे कधी आडनावासारखी असतात, त्यांवरून शब्दाचे घराणे ओळखू येते. कधी नुसत्या आवाजाने ती अर्थाकडे ओढतात. आणि कधी एसटीत दोन अनोळखी माणसे शेजारी बसावीत तशी ती योगायोगाने जवळ आलेली असतात. तिच्या वहीची पाने एकेक करून उलटूया, म्हणजे कुठे काय आहे ते दिसेल.

आधी डब्ल्यू-एचचे पान. व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, विच, हू. सगळे प्रश्न विचारण्याचे शब्द. आता तिला म्हणावे, समोरच्या पानावर मराठी शब्द लिही. काय, केव्हा, कुठे, का, कोणता, कोण. सगळे 'क'चे! कधी, किती, कसा, कितवा हेही त्याच रांगेतले. आता टी-एचचे पान काढा. दॅट, देन, देअर. त्यांच्यासमोर मराठी लिहा : ते, तेव्हा, तिथे. सगळे 'त'चे.

हे चारही रकाने शेजारी शेजारी मांडले की गंमत कळते. केव्हा विचारले की उत्तर तेव्हा. व्हेन विचारले की उत्तर देन. कुठे–तिथे, व्हेअर–देअर. काय–ते, व्हॉट–दॅट. मराठीने 'क' काढून 'त' लावला, इंग्रजीने डब्ल्यू-एच काढून टी-एच लावले. जुन्या इंग्रजी पुस्तकांत व्हेन्स आणि देन्स असे शब्द भेटतात. त्यांचा अर्थ 'कुठून' आणि 'तिथून'. तुमची मुलगी बोलू लागली तेव्हापासून हे कोष्टक तिच्या तोंडात आहे. तिला फक्त कोणी सांगितले नव्हते.

हा योगायोग नाही. संस्कृतात 'कोण' म्हणजे कः आणि 'केव्हा' म्हणजे कदा. लॅटिनमध्ये तेच शब्द क्विस आणि क्वांदो. फार पूर्वी, लिहिणे नव्हते त्या काळी, या सगळ्या भाषांची जी आई होती तिच्यात प्रश्नाच्या शब्दांची सुरुवात 'क्व'सारख्या ध्वनीने होत असे. आपल्याकडे त्याचा 'क' उरला. इंग्रजी आणि जर्मन ज्या शाखेच्या, तिच्यात 'क'चा 'ह' झाला. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज व्हॉटऐवजी 'ह्वॅट' म्हणत आणि लिहितानाही एच आधी, डब्ल्यू नंतर लिहीत. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि नंतरच्या लेखनिकांनी ही दोन अक्षरे उलटी केली. 'हू' म्हणताना अजून जो 'ह' ऐकू येतो, तो तोच जुना 'ह'.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात असे जाहीरपणे मांडले. कोणत्या ध्वनीचे कुठे काय झाले याचा नियम १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी बांधून दिला; परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम भावांपैकी थोरले ते हेच. मराठी माणसाने ही विद्या आपलीशी करून तिच्यात भर घातली ती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या रूपाने. १८७७ मध्ये मुंबईत त्यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने दिली. विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने म्हणून ती ओळखली जातात. आपली बोली पंडितांच्या अभ्यासाला योग्य आहे, हे त्यांनी त्या काळी दाखवून दिले. माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

टी-एचचे पान अजून संपलेले नाही. माझ्या मते सगळ्या वहीत तेच पान सर्वांत श्रीमंत. आपल्या 'त'च्या जागी इंग्रजीत 'थ' किंवा 'द' येतो, हा ग्रिम यांच्या नियमाचा एक भाग. मग पाहा. तीन म्हणजे थ्री. तू म्हणजे जुन्या इंग्रजीतला दाऊ. तनु म्हणजे बारीक, सडपातळ, इंग्रजीत थिन. तहान हा शब्द तृष्णेवरून आला. इंग्रजीत तहानेला थर्स्ट म्हणतात आणि तो त्याच मुळाचा. आणि हे खास तुमच्या भागासाठी : उसाची लागण झाली की खुरपे घेऊन सरीतले जे तण काढायला बायका बसतात, ते तण म्हणजे संस्कृतातले तृण. इंग्रजीत त्याचा भाऊ आहे थॉर्न, म्हणजे काटा. एका भावाचे गवत झाले, दुसऱ्याचा काटा झाला. हाताला दोन्ही बोचतात.

तिने आणखी एक पान करावे असे सुचवतो. आपला 'प' आणि त्यांचा 'फ'. पाच–फाइव्ह, पाय–फूट, पूर्ण–फुल, पिता–फादर. चार शब्द मी दिले, पाचवा तिने शोधावा.

आता तिचा रागाचा प्रश्न : म्हणायचाच नाही तर 'के' लिहायचा कशाला? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. वर्गात उभे राहून मी 'क्नाइफ' असे मोठ्याने वाचले होते आणि हातावर छडी बसली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी कळले की तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात मी वाचले ते बरोबर ठरले असते. तिथे सतराव्या शतकापर्यंत नी, नो, नाइफ, नाइट, नॉट या शब्दांतला 'क' ऐकू येत होता. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो, 'क'चा उच्चार करूनच. इंग्रजांच्या तोंडून 'क' गळाला, पण तोवर छापखाने चालू झाले होते आणि शब्दांचे लेखन पक्के होत आले होते. बोलणे पुढे गेले, लिहिणे मागे राहिले.

आपल्याकडे असे होत नाही असे तिला वाटेल. तिला 'ज्ञानेश्वर' लिहायला सांगा. ज्ञ हे ज आणि ञ यांचे जोडाक्षर. पण आपण म्हणतो 'द्न्यानेश्वर', हिंदीवाला म्हणतो 'ग्यानेश्वर'. ज कोणाच्याच तोंडी नाही. लिहिताना मात्र तो आहे, आणि आहे म्हणूनच ज्ञान आणि जाणणे हे एकाच घरचे हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. 'नो'मधला तो मुका के अगदी हेच काम करतो. कारण इंग्रजीतले नो, म्हणजे माहीत असणे, आणि आपले ज्ञा, जाणणे, हे सख्खे आहेत. गुडघ्याचेही तसेच. संस्कृतात गुडघा म्हणजे जानु. गुडघ्यापर्यंत हात पोचणारा तो आजानुबाहू. जानु आणि इंग्रजीतला नी एकाच मुळाचे. के काढून टाकला असता तर ही वाट पुसून गेली असती. म्हणून मुक्या अक्षरावर रागावू नये असे मला मनापासून वाटते. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे आहे. बोलत नसले तरी नातीगोती त्यालाच ठाऊक.

के-एनच्या पानावर आणखी एक झुबका आहे. नॉट म्हणजे गाठ, नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, नकल म्हणजे बोटाचे पेर, नोल म्हणजे टेकाड. सगळे गोळ्यासारखे, उंचवट्यासारखे. मराठीत असे शब्द 'ग'च्या पानावर सापडतात : गाठ, गोळा, गोटा, गोटी, गड्डा, गुठळी, गुडघा. गूळसुद्धा! संस्कृतात गुड या शब्दाला गोळा असाही अर्थ आहे. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक वाफ्यात ओतून घोटला की तो आळतो आणि त्याची ढेप वळते, हे ज्याने पाहिले त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र इथे सावध राहायला हवे. 'ग'चे हे सगळे शब्द एका घराण्याचे आहेत असे मी म्हणत नाही. इथे नाते रक्ताचे कमी आणि आवाजाचे जास्त.

आवाजाच्या नात्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे तिचे जी-एलचे पान. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लेअर, ग्लिमर. आणि प्रकाशाबरोबर पाहणेही आले : ग्लान्स, ग्लिम्प्स. ग्लाससुद्धा, म्हणजे काच. मुलीचे निरीक्षण अचूक आहे. जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले, त्यात आरंभीच्या अक्षरांवरून अर्थ जुळणाऱ्या शब्दांचे गट दिले होते. गणितातली अनंताची आडवी आठासारखी खूण त्यानेच १६५५ मध्ये रूढ केली. पुढे १९३० मध्ये जे. आर. फर्थ यांनी अशा ध्वनिगुच्छांना फोनीस्थीम असे नाव दिले. हे फर्थ त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. आणि २००४ मध्ये बेंजामिन बर्गेन यांनी प्रयोग करून दाखवले की ग्लिटर हा शब्द नुकताच वाचला असेल तर इंग्रजी भाषिकाला ग्लो हा शब्द जास्त लवकर ओळखता येतो. नुसता अर्थ जुळणाऱ्या किंवा नुसती अक्षरे जुळणाऱ्या जोडीपेक्षाही लवकर. म्हणजे ही जवळीक फक्त कागदावरची नाही, ती डोक्यातही आहे.

ती आली कुठून? यातल्या बऱ्याच शब्दांचे मूळ एकच आहे. झळाळणे, पिवळे-हिरवे दिसणे असा त्याचा अर्थ. त्या मुळापासून इंग्रजीत गोल्ड आणि यलो आले. संस्कृतात हरित, हिरण्य आणि हरिद्रा आले. हरित म्हणजे आपला हिरवा. हिरण्य म्हणजे सोने. हरिद्रा म्हणजे हळद. पणदऱ्याहून मोरगावमार्गे जेजुरीला गेलात, गडावर भंडारा उधळला गेला, पायऱ्या पिवळ्याधमक झाल्या की आपण म्हणतो, सोन्याची जेजुरी. तो भंडारा म्हणजे हळद. हळद आणि सोने यांना एकाच मुळातून नावे देण्याचे काम भाषेने हजारो वर्षांपूर्वी करून ठेवले होते, आणि इंग्रजीतला ग्लो त्याच घरातला. हे मला पहिल्यांदा उमगले त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

पण जी-एलचे सगळेच शब्द चमकत नाहीत. ग्लू म्हणजे डिंक, ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लोब म्हणजे गोल. यांचा उजेडाशी संबंध नाही. तिला म्हणावे, त्याच पानावर खाली रेघ मारून हे शब्द वेगळे लिही.

एकदा का असा झुबका जमला की तो बाहेरच्या शब्दांनाही ओढून घेतो. शिंकण्याला इंग्रजीत स्नीझ म्हणतात. घोरणे स्नोअर, हुंगणे स्निफ, जनावराचे नाकाड स्नाउट. सगळे एस-एनचे, सगळे नाकाचे. पण स्नीझ मुळात एस-एनचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो 'फ्न'ने सुरू होई. 'फ्न'चे शब्द मागे पडत गेले, शेजारी नाकाचे एवढे शब्द एस-एनचे होते, आणि शिंकही त्यांच्यात जाऊन बसली.

मराठीत हे पाहायचे तर कान उघडे ठेवायला हवेत. उजेडाचे शब्द घ्या : झळकणे, झळाळी, झगमग, झगझगीत. किंवा लखलख, लख्ख, लकाकी, लुकलुक. किंवा चमक, चकाकी, चकचकीत. लुकलुकणारा दिवा आणि लखलखणारी तलवार यांत उजेडाचे माप निराळे आहे, आणि ते स्वराने सांगितले आहे : 'उ'ने मिणमिणते, 'अ'ने भरपूर. नीरा डावा कालवा भरून वाहत असला की आवाज वेगळा, चारीतून पाणी उसाच्या सरीत शिरते तो वेगळा. एक खळाळतो, दुसरा झुळझुळतो. पाटकऱ्याला रात्री अंधारात पाणी कुठवर आले ते या आवाजावरूनच कळते. मोल्सवर्थ यांनी १८३१ मध्ये मराठीचा कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्यात अशा शब्दांपुढे ते अनुकरणवाचक असल्याची खूण आहे. परक्या माणसाला ऐकू आले, हे विशेष.

तुम्ही तर बारामतीकर. मोरोपंतांचे गाव. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिला आणि १७९४ मध्ये तिथेच वारला. त्यांनी एक रामायण निरोष्ठ लिहिले, म्हणजे प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर न वापरता, ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे. 'राम' हे नावही ज्यात घेता येत नाही असे रामायण. अक्षरांची निवड म्हणजे काय, हे पाहायला तुम्हाला लांब जायला नको.

आता योगायोगाचे एक उदाहरण द्यायलाच हवे, नाहीतर मुलगी सगळीकडे नाती शोधू लागेल. इंग्रजीत ही म्हणजे तो, हिअर म्हणजे इथे. आपल्याकडे हा, ही, हे. 'ह' जुळला, जवळचे दाखवण्याचा अर्थही जुळल्यासारखा वाटतो. पण नाते नाही. आपला 'हा' संस्कृतातल्या एषः या शब्दावरून, प्राकृतातून झिजत आला. इंग्रजीतला ह दुसऱ्याच मुळाचा. उलट, तोंडावळा अजिबात जुळत नसलेले सख्खे निघतात. इंग्रजीत साखर म्हणजे शुगर आणि गूळ म्हणजे जॅगरी. दोन्ही शब्द आपल्या शर्करेचेच. एक इराणी, अरबी आणि फ्रेंचांच्या तोंडून गेला, दुसरा दक्षिणेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगिजांनी उचलला. कारखान्याच्या मळीपासून जे अल्कोहोल काढतात त्या शब्दाचा आरंभ 'अल' आहे; अरबीत त्याचा अर्थ नुसता 'तो', आणि पुढचा कुहल म्हणजे सुरमा. अल्कली, अल्जेब्रा यांतही तोच 'अल'. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात असेल तर तिला तो हाताळायला द्या. अशा नात्यांची शहानिशा तिथे करता येते.

शेवटी एक पान ती अजून करायची आहे, ते यू-एनचे. अनफेअर, अनहॅपी, अननोन. हा 'अन' म्हणजे नकार, आणि तो आपलाच : अनंत, अनादर, अनुचित, अनोळखी. स्वरापुढे आपण अन् लावतो, व्यंजनापुढे नुसता अ. या एका अक्षराचा पसारा केवढा असावा? पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४८ मध्ये संस्कृतचा महाकोश हाती घेतला. आजवर त्याचे जेवढे खंड छापून निघाले ते सगळे 'अ'चेच आहेत. नकाराचा अ तिथे, अनु, अप, अभि, अव, अति, अधि हे उपसर्गही तिथेच.

म्हणून 'अननोन' हा शब्द तिने तुकडे करून लिहावा. अन, नो आणि शेवटचा न. त्याखाली लिहावे अज्ञात : अ, ज्ञा आणि शेवटचा त. अनखाली अ येतो, नोखाली ज्ञा. उरले शेपूट. 'झालेले' असे सांगणारा त आपल्याकडे कृत, गत, ज्ञात यांत आहे. पण छिन्न, भिन्न, पूर्ण यांत त्याच कामाला न येतो, आणि इंग्रजीतल्या नोन, ब्रोकन, टोर्न यांच्या शेवटी जो न आहे तो हाच.